हाई गानं मनं नही

मुलांनो, नाना गेल्याचं मी तुम्हाला फोनवर कळवलं, तेव्हा एक गोष्ट मुद्दाम सांगितली नव्हती. तशी त्याचीच ताकीद होती... आता सांगायला हरकत नाही.

नाना, माझा धाकटा भाऊ, धुळ्याला कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवायचा. अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या मजुरांचं एक जुनं ब्लूज गाणं मी त्याला ओळ न् ओळ समजावून दिलं आणि त्यानं ते अहिराणीत आणलं. आमची आई कापूसच वेचायची. त्याला फारसं काही बदलावं लागलं नाही. मूळ गाणं कुणाचं, हे सांगितल्याशिवाय तो तारेला हात लावत नसे. लोक कंटाळायचे, तरी सांगायचा.

पुण्याचा एक रॉक गायक पिंप्राळ्याच्या घरी आला, "नाना, तुम्ही माझे गुरू" म्हणत दोन दिवस जेवला आणि गाणं रेकॉर्ड करून घेऊन गेला. वर्षभरात ते गाजलं. गीत त्याचं, संगीत त्याचं. नानाचं नाव नाही, त्या मजुरांचा उल्लेखही नाही. मी म्हटलं, वकिलाकडे जाऊ. नाना म्हणाला, "ऱ्हाऊ दे अक्का. तो परत येई."

आला. आणखी एक कडवं मागायला! नाना तेव्हा अंथरुणाला खिळलेला. त्यानं कडवं दिलं आणि शेवटी ओळ घातली, "हाई गानं मनं नही." अहिराणीत 'मनं' म्हणजे 'माझं', 'तुनं' म्हणजे 'तुझं'. या गृहस्थाला वाटलं, मन, काळीज. "वा! गाण्यातून मनच उडालं... काय दर्द आहे!" चहा गाळता गाळता मी तोंडाला पदर लावला. नाना मात्र गंभीर. "भाऊ, ती ओळ जोरमा म्हन."

तो गेल्यावर मला म्हणाला, "अक्का, अर्थ सांगू नको त्याले." आठ दिवसांनी नाना गेला.

महिन्याभरानं त्या गायकानंच धुळ्याला श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला. मी पहिल्या रांगेत बसले. ती ओळ आली. आणि मागून कुणी तरी ओरडलं, "तुनं नहीच शे रे भो!" हशा उसळला. त्याला ती दाद वाटली. त्यानं माइक लोकांपुढे धरला आणि अख्खं सभागृह गरजलं, "तुनं नही! तुनं नही!"

नंतर माझ्या पाया पडून त्यानं विचारलं, "अक्का, लोक एवढे हसले का?"

"आवडलं म्हणून," मी म्हटलं. "सगळीकडे गा."

गायला. जळगावला गायला, पाचोऱ्याला गायला. व्हिडिओ गावोगाव फिरले.

नानाच्या खोलीत, त्याच्या पलंगाशेजारी बसून मी आज तुम्हाला लिहिलेलं हे पत्र, त्या ओळीच्या अर्थासकट, छापायला देते आहे. वाचू दे त्या गायकाला. आता लोक तीच ओळ मागतात. गायली तरी कबुली, गाळली तरी कबुली.