विरलेल्या कॉलरी

रविवारी सकाळी सुधाकर मेश्राम बाल्कनीत खुर्ची टाकून नव्या शर्टाची कॉलर वजरीने घासत बसे. आपण टाचा घासतो तीच वजरी, नागपूरहून मुद्दाम आणलेली. कडेचे धागे सुटून जराशी झालर दिसायला लागली की तो शर्ट उजेडात धरून समाधानाने पाही. जर्सी सिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये मी त्याच्याबरोबर राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी हे पाहिलं आणि घर जरा चौकशी करून घ्यायला हवं होतं, असं मला वाटलं.

"नवं दिसलं की समजायचं, माणूस कालच श्रीमंत झाला," तो म्हणाला. "जुनं दिसलं पाहिजे, बावा. आज्याकडून आल्यासारखं."

इथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या, महागड्या खासगी शाळांतल्या मुलांचा एक पोशाख असे. पितळी बटणांचा निळा कोट, खांद्यावर गाठ मारलेला स्वेटर, मोज्यांशिवाय घातलेले बूट, कॉलर विरलेला शर्ट. त्याला 'प्रेपी' म्हणत. सुधाकरला त्याचं वेड कॉलेजात असताना लागलं. सीताबर्डीवरच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला अमेरिकन कपड्यांचा जुना कॅटलॉग मिळाला. त्यात हिरवळीवर लोळणाऱ्या मुलांचे फोटो होते. "कपडे तर मंग पाह्यले," तो सांगे. "आधी चेहरे पाह्यले. एकाच्याही चेहऱ्यावर भीती नाही ना बे. परीक्षेची नाही, साहेबाची नाही, कोणाचीच नाही."

दोन हजार एक साली तो अमेरिकेत पोचला तेव्हा ती मुलं कुठेच नव्हती. आमच्या ऑफिसात सगळे टी-शर्टवर येत आणि मॅनेजर सँडल घालून हिंडे. "जत्रा उठल्यावर आलो मी," सुधाकर म्हणे. पण म्हणून त्याने हट्ट सोडला नाही. श्रीमंत गावांतल्या थ्रिफ्ट स्टोअर्समधून, म्हणजे जुन्या कपड्यांच्या दुकानांतून, तो मेलेल्या वकिलांचे आणि डॉक्टरांचे कोट घेऊन येई. चौकड्यांच्या एका कापडाला इथे 'मद्रास' म्हणतात. त्याची अर्धी चड्डी घालून तो म्हणाला, "आपल्याकडं याची लुंगी असते. इथं क्लबात चालते." बोटीवर घालायचे बूट त्याच्याकडे होते, आणि बोटीत बसलं की त्याला उलटी होई. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्यानंतर ट्रेनमध्ये लोक आमच्याकडे दोनदा वळून पाहत. सुधाकरकडे तीनदा पाहत, पण तिसऱ्यांदा हसून.

ऑफिसातला डेव्हिड एकदा त्याला म्हणाला, "यार सुधाकर, यू ड्रेस लाइक माय डॅड." यार हा शब्द त्याला सुधाकरनेच शिकवला होता. सुधाकर आठवडाभर खूश होता.

एकदा मी न राहवून म्हणालो, "अरे, दुसऱ्याच्या आजोबांचे कोट कशाला घालतोस?"

"तुमच्या आज्याचा कोट असंल कुठंतरी ट्रंकेत, पुणेकर," तो शांतपणे म्हणाला. "माह्या आज्याले सदराच नव्हता. मंग मले त्याचा कोट विकतच घ्यावा लागंल ना."



दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये त्याच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो पसरलेला होता. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. त्याच महिन्यात त्याच्या आईला दोनदा नाकारलेला व्हिसा मिळाला. मी म्हटलं, "तिकीट कॅन्सल कर. नाहीतर तिला खरं सांग."

"तिनं अख्ख्या वस्तीले सांगून ठेवलं, लेकाकडं चालली म्हणून. येऊ दे. फिरू दे. मी गेल्यावर रडायचंच आहे तिले. आधीपासून कशाले?"

मावशी, म्हणजे त्याची आई, जूनमध्ये आल्या. नवरा लवकर गेला, त्यानंतर त्यांनी लोकांची शिवणकामं करून मुलाला इंजिनिअर केलं होतं. विमानतळावर त्यांनी त्याच्या दंडाला हात लावला आणि चटकन काढून घेतला. त्या काळात सुधाकर कोट घालून, बटणं पुसून सकाळी 'ऑफिसला' निघे आणि मी त्याला केमोला सोडून पुढे जाई. नर्सेस त्याला प्रोफेसर म्हणत. सुई टोचायच्या आधी तो कोटाची घडी अस्तर बाहेर करून घालायला लावी. "सुरकुती आली तर आजा रागावंल."

एका संध्याकाळी आम्ही परतलो तर कॉटवर त्याचे सगळे शर्ट मांडलेले. मावशींनी एकेक कॉलर ब्लेडने उसवून, उलटी करून, हाताने पुन्हा शिवली होती. विरलेली कड आत गेली होती. टाका दिसत नव्हता. इतक्या रविवारांची त्याची मेहनत एका दिवसात नाहीशी झाली होती. मला हसू आलं. मग मावशींचा चेहरा दिसला.

"सुधा, खरं सांग मले," त्या म्हणाल्या. "कॉलरी फाटल्या, कोपरांना ठिगळं हाय, पायात मोजे नाही. अंगावर मांस नाही राह्यलं. पगार पुरत नाही का बाप्पा?"

मी सांगायला निघालो होतो की मावशी, ही इथली फॅशन आहे. सुधाकरने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "हाव, आई. जरा तंगी आहे."

दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्याच्यावर चिडलो. 

"वाळलेलं अंग तर दिसतेच. त्याले काहीतरी कारण पाहिजे," तो म्हणाला. "गरिबी तिच्या ओळखीची आहे, पुणेकर. तिले ती झेपते."

त्यानंतर मावशींनी फिरायला जायचं बंद केलं. द्राक्षं आणली तर रागावत. स्वतः अर्धी पोळी खात आणि उरलेली त्याच्या ताटात सरकवत. तो ती खाई आणि बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, ओकून टाकी. सप्टेंबरात त्या परत गेल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "याले घेऊन ये घरी. पोट भराले नागपूर पुरते."

नोव्हेंबरात सुधाकर गेला. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्याने मला बजावलं होतं, मला पांढरं नेसवा, साधं. कोट दुकानात परत द्या. "कोण्यातरी पोराचा आजा होईन." न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मंडळींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. डेव्हिड टाय बांधून आला होता, त्याला मी टायमध्ये प्रथमच पाहिलं.

अस्थी घेऊन मी नागपूरला गेलो. मावशींच्या घरावर नुकताच सिमेंटचा स्लॅब टाकला होता. सुधाकर दर महिन्याला पैसे पाठवत असे त्यातून. वरच्या मजल्यासाठी सळ्या उघड्याच ठेवल्या होत्या. शेजारच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. मावशी त्यांना सांगत होत्या, "या स्लॅबपायी गेलं माह्यं लेकरू. तिकडं उपाशी राहून इकडं पाठवे. अंगावर धड सदरा नव्हता, म्या डोळ्यानं पाह्यलं."

मी त्यांच्या पुढ्यात बसलो आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, एप्रिल, केमो. तो चांगला कमवत होता, कॉलरी तो स्वतःच घासायचा, हेसुद्धा. हॉस्पिटलचे कागद पुढे ठेवले. त्यांनी ते हातात घेतले नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "मोठा गुणाचा दोस्त आहे. मले दोष लागू नये म्हणून सांगून राह्यला."

"मावशी, शप्पथ..."

त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं, ताट पुढे सरकवलं.

"आधी पोटभर जेव, बाप्पा," त्या म्हणाल्या. "खोटं बोलाले बी जीव लागते अंगात."