आजींच्या गाण्यात आमचे सर

आमच्या ह्यांना पीएच.डी.ची हुक्की आली तेव्हा आमच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळे नवऱ्याचं सगळं कौतुकाने ऐकून घ्यायचं ते वय होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. ते डोंबिवलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे, मी शाळेत गणित. एका संध्याकाळी चहाचा कप हातात धरून त्यांनी जाहीर केलं, "विषय ठरला. आगरी लग्नातली गाणी."

"आपल्या लग्नातली मंगलाष्टकं तरी ऐकली होतीत का?" मी म्हटलं. "सारखे घड्याळ बघत होतात."

"मुहूर्त चुकेल म्हणून बघत होतो," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. आमच्या घरात विनोद मी करते आणि ते त्याचं उत्तर देतात.

तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून खाडीकडची गावं दिसायची. भातशेती आणि मिठागरं करणाऱ्या आगऱ्यांची गावं, आम्ही सगळे येऊन टपकण्याच्या कितीतरी आधीपासूनची. ह्यांच्याकडून मला कळलं की तिथे लग्नाला भटजी येतो खरा, पण लग्न खरं लावते ती धवलारीण. हळद लावण्यापासून नवरी घरात घेण्यापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ती एक ओळ म्हणते, जमलेल्या बायका ती उचलून धरतात. कागदावर काही नाही, सगळा कारभार तोंडी. हे मला त्यांनी जेवताना, कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना इतक्यांदा सांगितलं की मीच परीक्षेला बसले असते तर पास झाले असते.

तर अशी एक धवलारीण त्यांना खाडीलगतच्या गावात भेटली. साठीच्या आसपासची, काटक, कपाळ मोकळं. पतीच्या माघारीही पंचक्रोशीतली लग्नं हीच लावायची. आमच्याकडे सवाष्ण नाही म्हणून बायकांना हळदीकुंकवातून उठवतात, आणि तिथे हिच्यावाचून हळद लागत नव्हती. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणायला लागलो. त्या मात्र ह्यांना "मास्तर" म्हणायच्या आणि सरळ अरेतुरे करायच्या. कॉलेजात पोरं ज्यांना बघून सिगरेट विझवतात, त्यांना!

पहिल्याच भेटीत आजींनी विचारलं, "कोनचा लगीन हाय?"

"कुणाचंच नाही. मला फक्त गाणी ऐकायची आहेत."

"लगीन नाय, त गाना कशाला?"

झालं, संशोधन दारातच अडलं. लग्नाशिवाय धवला म्हणायचा नाही असा तिथला रिवाज. हे दोन-तीनदा हात हलवत परत आले. शेवटी आजींनीच तोड काढली. देवीला नारळ ठेवला, पाट मांडला आणि मास्तरांनाच नवरदेव म्हणून पाटावर बसवलं. शेजारी नवरीच्या जागी एक सुपारी. मांडीवर टेपरेकॉर्डर. संध्याकाळी मी दार उघडलं तर आमचे प्राध्यापक गालाला, कानाला, चष्म्याच्या काडीला हळद माखून उभे.

"कोणाशी?" मी विचारलं.

"अगं, फील्डवर्क आहे ते," ते म्हणाले आणि हळद धुवायला मोरीत गेले. तो शर्ट पुढे कधीच पांढरा झाला नाही.

त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरात आजी गात होत्या. हे कॅसेट लावायचे, एक ओळ ऐकायचे, बटण दाबायचे, लिहायचे, पुन्हा मागे. एकेक ओळ दहादहा वेळा. माझी आमटी त्या तालावर उकळायची. शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का गं?" त्यांना वाटलं कोणी कण्हतंय.

पण खरी गंमत पुढेच आहे. आजींचं गाणं धडपणे चार ओळी चाललं असेल तर शपथ! मध्येच ह्यांचा आवाज, वर्गात हजेरी घेताना लावतात तसा: "थांबा, आजी!" आणि मग प्रश्न. हा शब्द काय? हे कधी म्हणतात? हे कोण? सर्वांत जास्त अडवणूक बोलावण्याच्या धवल्यात. त्यात लग्नाला आधी देवांना बोलवायचं, वेशीवरच्या देवीला, उंबराला, खाडीला. मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ये, मांडवात ये, पोरीला हळद लाव. आजी सासऱ्याचं नाव घेतात न घेतात तोच, "थांबा, आजी! हे कोण?" दिराचं नाव आलं की, "थांबा, आजी! हे कोण?"

"माजा दीर. खारीन बुरला." खाडीत बुडाला.

"कोणत्या साली?"

"मना काय ठावं? म्हस याली त्या वरसाला." म्हैस व्याली त्या वर्षी.

मी म्हणायचे, "अहो, ती बाई मेलेल्या माणसांना जेवायला बोलावतेय आणि तुम्ही दारातच त्यांचं रेशनकार्ड तपासताय."

"प्रश्न विचारले नाहीत तर ते संशोधन कसलं?" ते म्हणायचे.

माझा भाऊ केमिकल कंपनीत इंजिनीअर. तो आला की हमखास विचारायचा, "भावजी, सगळं ठीक आहे, पण याचा समाजाला उपयोग काय?" हे खोल श्वास घ्यायचे, चष्मा पुसायचे, सुरुवात करायचे, आणि तोपर्यंत भाऊ निघून गेलेला असायचा. डिग्री मिळाली. प्रबंधाची एक प्रत विद्यापीठात गेली, एक कॉलेजात आणि एक घरी आली. घरची प्रत चांगली जाडजूड होती, आमची मुलगी तिच्यावर उभी राहिली की तिचा हात ओट्याला पुरायचा. कॅसेटी मात्र ह्यांनी डांबरगोळ्या घालून लोखंडी कपाटात, माझ्या शालूच्या वर ठेवल्या. माझ्या शालूला त्या घरात तेवढा मान कधी मिळाला नाही.

बघता बघता नव्वदचं दशक आलं. गच्चीवरून आता दुसऱ्या बिल्डिंगची गच्ची दिसायला लागली. एका रविवारी दारात एक मुलगी आणि तिची आई. मुलीला ह्यांनी ओळखलं, कॉलेजात त्यांच्या वर्गात असायची. आई चाळिशीची, हातात भाजीची पिशवी, ती आधी माझ्याकडे दिली आणि मग बसली. ती आजींची सून होती.

"वर्गात मी धवल्यावर एवढं बोललो, तू एकदाही म्हणाली नाहीस की तुझी आजी आहे म्हणून?" ह्यांनी विचारलं.

"लाज वाटायची, सर," पोरगी खाली बघत म्हणाली. "सगळे हसले असते."

मग सून बोलली. पोरीचं लग्न ठरलं होतं. आजींना पक्षाघात होऊन वर्ष उलटून गेलं होतं, उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डोळे टक्क, सगळं कळतं, पण शब्द नाही. आणि त्यानंतर काही महिन्यांत हिचा नवरा गेला, आजींचा एकुलता एक मुलगा. कंपनीत पाळीवर जायला निघाला होता, छातीत कळ आली, उंबऱ्यातच बसला.

"दुसरे गावची धवलारीण भेटल," सून म्हणाली. "देवाना बोलवल ती. पन आमचे घरचे मानसा तिला काय ठावं? नि पोरीचे बापाला कोन बोलवल? त्याला बोलवल्याबिगर पोरीला हलद कशी लावू? मास्तर, आयचा गाना तुज्याकर हाय ना?"

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. एखादं भांडं शेजारणीकडे राहिलेलं असावं आणि आता ते हवं असावं, तसं विचारलं तिने. आमचे हे मात्र उठून जे कपाटाकडे धावले, त्यात माझा शालू जमिनीवर पडला.

कॅसेट लागली. इतक्या वर्षांनी आजींचा तो खणखणीत आवाज खोलीत आला आणि सुनेने पदर तोंडाला लावला. आणि त्याच क्षणाला, अर्थातच, "थांबा, आजी!"

पोरगी फिस्सकन हसली. मग तिची आई हसली. मग मी. आमचे सर कानापर्यंत लाल.

"मी माझा आवाज काढून टाकून देतो," ते घाईघाईने म्हणाले. "शेजारून दुसरा टेपरेकॉर्डर आणतो, फक्त गाणं उतरवून देतो."

"नको," सून म्हणाली. ती पुढे सरकून ऐकत होती. कॅसेटवर आजी सांगत होत्या, हा दीर, ही नणंद, बाळंतपणात गेली, हा पहिला पोर, बारशाआधीच गेला. "ह्यो पोर मना ठावंच नव्हता. आयने कदी सांगला नाय. तू इचारलास म्हनून बोलली ती. तुजा बोलना ऱ्हाऊ दे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ज्या थांबा-थांबाची मी टर उडवत आले, तेच कोणीतरी मागून घेत होतं. अशा वेळी माणसाने ऐटीत बायकोकडे बघायचं असतं. पण ह्यांचं लक्षच नव्हतं, ते कॅसेट ऐकत होते.

नावं संपली तेव्हा टेपमधून ह्यांनी विचारलं होतं, "झाली सगळी?" आणि आजी म्हणाल्या होत्या, "झाली. आता याच्यान नवा नाव देवाने घालू नये."

मी उठून चहा टाकला.

पुढचा महिनाभर सून कॅसेटवरून शिकत होती. कधी घरी, कधी आमच्याकडे, मला माहीत असलेल्या चाली माझ्याकडूनही. हो, आमटी ढवळता ढवळता मला अर्धे धवले पाठ झाले होते, ही माझी विनापदवी पीएच.डी. पण एक घोटाळा झाला. तिने गाणं जसंच्या तसं उचललं. जिथे जिथे ह्यांनी अडवलं होतं, तिथे तिथे तीही श्वास घेऊन थांबायची. काही केल्या ते मोडेना. तिच्याबरोबर सरावाला बसणाऱ्या गावच्या बायका त्या जागी एकसुरात ओरडायच्या, "थांबा, आजी!" आणि लोळून हसायच्या.

हळदीला आम्ही दोघंही गेलो. दारात मांडव, आंब्याचे टहाळे, पोरगी पाटावर. आजींना उचलून आणून चटईवर, उशीला टेकवून बसवलं होतं. मला बघून डोळे हलले. ह्यांना बघून जास्त हलले, मी तेवढं लक्षात ठेवलंय. ह्यांना पुरुषांत खुर्ची दिली होती, ते ती उचलून बायकांच्या कडेला येऊन बसले.

सुनेने धवला धरला. आवाज आधी कापरा होता, मग स्थिरावला. देवी आली, उंबर आला, खाडी आली. बायका ओळ झेलत होत्या. पहिलं माणसाचं नाव आलं, ती थांबली, आणि अख्खा मांडव गरजला, "थांबा, आजी!" पाटावरची नवरी हसत सुटली, हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले, आमच्या सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी मेली हसून हसून बेजार. आजींच्या तोंडाचा एक कोपराही वर गेला. असं दर नावाला. सासरा, दीर, नणंद, तो बिननावाचा तान्हा, त्याला नुसतं "बाला" म्हणून बोलावलं. शेवटी आजींचे यजमान.

तिथे कॅसेट संपते. पुढची ओळ कोणीच शिकवलेली नव्हती.

सून थांबली. बायकांनी तोंडं उघडली होती, ती तशीच मिटली. नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात एकदा, लग्नात, उखाण्यातच घेतलं असेल. नंतर तो "पोरीचा बाप" होता, आणि गेल्यापासून तेही नाही. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं, उठावं आणि तिचा हात धरावा. पण ते माझं काम नव्हतं.

पाटावरून पोरगी हळू आवाजात म्हणाली, "आय, बाबाना बोलव ना."

आणि सुनेने नाव घेतलं. मोठ्याने, चालीवर, पूर्ण नाव. ये, मांडवात ये, तुझ्या पोरीला हळद लाव. बायकांनी ते उचललं, एकदा, पुन्हा एकदा. बायकांमध्ये एक पुरुषाचा बेसूर आवाज होता, तो आमच्या ह्यांचा. मी सगळ्यांदेखत रडत होते आणि मला काही वाटत नव्हतं.

आजींनी मान वळवून मांडवाच्या तोंडाकडे पाहिलं. मग चालता हात टेकून, धडपडत, त्या थोड्या बाजूला सरकल्या आणि त्याच हाताने शेजारची चटई झटकून त्यांनी जागा केली.