मामांच्या जीपचं पुढचं झाकण

माझ्या बायकोच्या मामांनी आपल्या जीपच्या इंजिनाचं पुढचं झाकण आजवर जितक्या वेळा उघडलं असेल, तितक्या वेळा शेळगावात कुणी स्वतःच्या घराचं पुढचं दारसुद्धा उघडलं नसेल. मामा पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. खात्याने मोडीत काढलेली जीप त्यांनी लिलावात घेतली, तेव्हाच ती पेन्शनीच्या वयाची होती. पुढे मामाही पेन्शनीत निघाले आणि दोन पेन्शनर एकमेकांच्या आधाराने सुखात राहू लागले. खंत एवढीच, की जीप गळायची. तिच्या पंख्यामागे, इंजिनाच्या अगदी तोंडावर एक झाकण आहे. त्याच्या आत तेलात भिजलेली दातेरी चाकं फिरतात. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये कागदाचं पॅकिंग असतं, आणि झाकणाच्या ज्या भोकातून फिरता दांडा बाहेर डोकावतो तिथे रबराचं गोल सील. या दोघांनी मिळून तेल आत ठेवावं अशी अपेक्षा असते. मामांच्या जीपमध्ये ती कधीच पुरी झाली नाही. मामांना त्याबद्दल विचारलं, की ते मिशीवरून बोट फिरवत म्हणत, "जावईबापू, तेल गळतंय म्हंजी तेल हाय. गळायचं थांबलं की मग घोर लावून घ्यायचा."

तरी दर महिना-दोन महिन्यांनी त्यांना हुक्की यायचीच. मग रेडिएटर उतरायचा, पंखा उतरायचा, पुढची पुली ठोकून ठोकून बाहेर यायची आणि झाकण मामींच्या कणकेच्या परातीत विराजमान व्हायचं. बोल्ट पोळ्यांच्या डब्यात. एकदा मी जेवायला गेलो असताना पोळ्यांच्या डब्यात बोल्ट आणि बोल्टांच्या खोक्यात पोळ्या निघाल्या. मामांनी पोळी फुंकून खाल्ली आणि ग्रीसचा वास अंगाला चांगला असतो, असं मलाच ऐकवलं.

पॅकिंग मात्र त्यांनी उभ्या जन्मात विकत आणलं नाही. बाजारचं पॅकिंग म्हणजे बाजारची पुरणपोळी, असं त्यांचं मत. ते पॅकिंग करायचे लग्नपत्रिकेचं. आमच्या भागात पत्रिका हा काही किरकोळ प्रकार नाही. सोसायटीच्या चेअरमनपासून कारखान्याच्या माजी संचालकापर्यंत साऱ्यांची नावं मावायला पाहिजेत, म्हणून ती चांगली हातभर लांब असते आणि तेवढं वजन पेलायचं म्हणून जाडही असते. दारी पत्रिका आली की घरचे लोक मुलगी कुणाची, मुलगा काय करतो ते बघतात. मामा पत्रिका अंगठा आणि बोटात धरून चोळायचे, वास घ्यायचे, कोपरा जिभेला लावायचे. "कागद बरा हाय. जोडपं टिकंल." चकचकीत, सोनेरी पत्रिका आली की त्यांचं तोंड पडायचं. "ह्यो कागद तेल धरत न्हाय. लगीन बी घाईतच ठरल्यालं दिसतंय." पसंतीची पत्रिका झाकणावर अंथरून ते छोट्या हातोडीने कडेकडेने टकटक करायचे. लोखंडाच्या कडेवर कागद बरोबर कापला जायचा. मग तो तेलात भिजवून बसवायचा. तालुक्यातले किती चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि 'समस्त भावकी' त्या झाकणाखाली दाबून बसवली असेल याचा हिशेब नाही. एवढी माणसं असून तेल काही त्यांना अडवता आलं नाही.

या हौसेपायी मामींच्या सख्ख्या भाच्याचं लग्न हुकलं. लग्न लोणी भापकरला होतं. पत्रिका आली ती अशी देखणी, जाडजूड, की मामांचा संयम सुटला. मामी देवदर्शनाहून परत येईपर्यंत पत्रिकेचं पॅकिंग होऊन झाकण बसलंही होतं.

"लगीन कवा हाय?" मामींनी विचारलं.

मामांनी उरलेल्या चिंध्या गोळा करून पाहिल्या. नवऱ्याच्या आजोबांचं नाव होतं, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' होतं, आहेर आणू नयेत हेही होतं. तारीख नव्हती.

"तारीख बोल्टाच्या भोकात गेली जणू," मामा शांतपणे म्हणाले.

माहेरच्यांना फोन करून तारीख विचारायची, तर पत्रिकेचं काय झालं ते सांगावं लागणार. मामींना ते मान्य नव्हतं. शेवटी मामांनी आठवण्याचा आव आणून रविवार सांगितला. रविवारी मामी ठेवणीतली पैठणी नेसून जीपमध्ये बसल्या आणि लोणी भापकरला पोचल्या, तेव्हा मांडववाले खांब उपटत होते. लग्न आदल्या दिवशी लागलं होतं. मामांनी उरलेली बुंदी दोनदा मागून घेतली आणि आमची जीप वाटेत बंद पडली होती, असं सगळ्यांना सांगितलं. मामी वर्षभर त्यांच्याशी फक्त जीपच्या मार्फत बोलत होत्या. "ए खटाऱ्या, तुज्या मालकाला सांग, चहा झालाय."

आता या गळतीचा एक उपयोग होता, आणि तो मामींनी शोधला होता. मामा एकदा जीप घेऊन निघाले की कुठे जातील याचा नेम नसायचा. फोन ते घरी खुंटीला टांगून जायचे. फोन बरोबर नेला की लोक फोन करतात, ही त्यांची तक्रार. तेव्हा मामा हवे असले, की मामी ज्याला त्याला एकच सांगायच्या, "थेंबाच्या मागनं जा." आणि मामा हटकून सापडायचे. नुसता थेंब म्हणजे उभ्याउभ्या रामराम. हाताएवढा डाग म्हणजे चहा. परातीएवढं थारोळं म्हणजे राजकारण. मामी मोटारसायकलवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला डागाचा आकार विचारायच्या आणि घरबसल्या मामांची दिनचर्या सांगायच्या. एकदा मी बारामतीहून निघताना फोन केला तर म्हणाल्या, "निमगावात पानमळेवाल्याकडं हायत. डाग अजून मोठा न्हाय, अर्धा तास तरी बसतील. तुमी तितंच गाठा." मी गाठलं.

मामांना याचा जाच व्हायचा, त्याचं कारण भजी. डॉक्टरांनी मामांना तळलेलं बंद केलं होतं, आणि निमगाव केतकीच्या बाजारात एक हॉटेल आहे, तिथे कांदाभजी तळताना डॉक्टरांचा विचार केलेला नसतो. बाजाराच्या दिवशी मामा सोसायटीच्या मीटिंगला म्हणून जायचे आणि डाग हॉटेलासमोर पडायचा. दोनदा पकडले गेल्यावर त्यांनी युक्ती केली. जीप लांब देवळाजवळ लावायची आणि हॉटेलापर्यंत चालत जायचं. त्याच दिवशी संध्याकाळी मामी म्हणाल्या, "देवळाम्होरं एवढं थारोळं? तुमी पायरीवर बुट काडायचा बी कट्टाळा करता. देवाजवळ एवढा वेळ काय करीत हुता? मिशीवरचं तेल सांगतंय, देवाला भज्याचा निवद व्हता."

मामींचीही गळतीवर तक्रार होतीच, पण वेगळी. जीप अंगणात उभी राहायची आणि मामी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायच्या. सकाळी रांगोळीत नको तिथे एक काळा ठिपका जास्तीचा असायचा. पाडव्याला तर कहर झाला. मामांनी जीप मागे घेतली आणि ती बरोबर गुढीपुढच्या रांगोळीवर गळली. मामी पदर खोचून पायरीवर उभ्या राहिल्या.

"दिवाळीच्या आत हे तेल थांबलं न्हाय, तर जीप भंगारात. मी सोता भंगारवाल्याला हाक मारणार. ह्यो माझा शबूद."

मामींचा शब्द म्हणजे काय असतो, ते लोणी भापकरनंतरच्या वर्षात सगळ्यांनी पाहिलं होतं. मामा हादरले. जीप गेली तर त्यांना उरलेलं आयुष्य एस.टी.ची वाट बघत काढावं लागणार होतं, आणि एस.टी. काही भज्यांच्या हॉटेलाशी थांबत नाही. त्यांनी नवीन सीलं आणली, भारीतल्या भारी पत्रिका राखून ठेवल्या, झाकण पुन्हा पुन्हा उघडलं. तेल आपलं गळतंच. मामा रोडावले. जेवताना मध्येच घास हातात धरून अंगणाकडे बघत बसायचे.

आणि मग आंब्याच्या लोणच्याच्या दिवसांत तो चमत्कार घडला. मी तिथेच होतो. मामी बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधत होत्या. मामा मदत म्हणून एका बाजूने फडकं जोरात ओढत होते.

"अवं, एका अंगाला वढू नका! हिकडनं आवळलं की तिकडनं सुटतंय. आधी समदं ढिलं ठिवायचं, मधोमध बसवायचं, मग चारी अंगानं थोडं थोडं आवळायचं. एवढं बी कळंना व्हय?"

मामांनी फडकं सोडलं. बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तसेच अंगणात धावले. इतकी वर्षं ते झाकणाचे बोल्ट एका कडेने सुरू करून जीव खाऊन आवळत होते. झाकण कणभर एका बाजूला सरकायचं, सील दांड्यावर तिरकं बसायचं आणि एका अंगाने सुटायचं. त्या दिवशी त्यांनी सगळे बोल्ट ढिले ठेवले. दांड्यावरची पुली सीलातून आत सारून झाकण तिच्याभोवती मधोमध येऊ दिलं आणि मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले. दुसऱ्या दिवशी जीपखाली अंथरलेला कागद कोरा निघाला. तिसऱ्या दिवशीही कोरा. मामांनी तो कागद अख्ख्या गावाला दाखवला. बरणीचा उल्लेख त्यांनी कुठेच केला नाही.

मग काय, मोकाट सुटले. रस्त्यावर थेंब नाही, डाग नाही, साक्षीपुरावा नाही. मामी कुणाला विचारायच्या तर लोक खांदे उडवायचे. अंगणातली रांगोळी मात्र स्वच्छ राहू लागली. मामी म्हणायच्या, "झ्याक झालं," पण म्हणताना नजर फाटकाबाहेर रस्त्यावर.

एके दिवशी मामींनी अंगणातला शेवटचा जुना डाग काढायला घेतला. सोडा टाकून, पाणी ओतून घासता घासता त्या त्यावरूनच घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. मामा बाहेर. त्यांचा फोन खुंटीवर वाजतोय. शेजाऱ्यांनी मला कळवलं, मी बायकोला घेऊन बारामतीहून आलो आणि मामींना इंदापूरला दवाखान्यात नेलं. वाटेत मी दर वळणाला खाली रस्त्याकडे बघत होतो. स्वच्छ, कोरडा, निर्लज्ज रस्ता. इतका राग मला त्या डांबराचा कधी आला नव्हता. मामी कळवळत होत्या, पण डॉक्टर हाताला प्लास्टर घालताना त्यांनी हाताबद्दल एक शब्द विचारला नाही. "हे कुठं असतील? जीपीला काय झालं नसंल न्हवं? कुटं पडलं असलं तर कळायचं कसं ओ, जावईबापू? थेंब बी न्हाय आता."

मामींना घेऊन घरी परतलो आणि दिवेलागणीला मामा आले. गाणं गुणगुणत आले. सदऱ्यावर भज्यांचं तेल होतं, अगदी छातीवर, मोठा डाग. मामी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी तो डाग पाहिला. आता तोफखाना सुरू होणार म्हणून मी भिंतीला टेकलो.

"आलात न्हवं," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मामांना मी अनेकदा शिव्या खाताना पाहिलं आहे. त्या त्यांना पचायच्या. हे पचलं नाही. ते तिथेच खाली बसले, मामींच्या प्लास्टरला हात लावायला गेले आणि हात ओशाळून मागे घेतला.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी उठून पाहतो तर मामा जीपखाली, पाय तेवढे बाहेर.

"काय करताय मामा?"

"काय न्हाय. एक बोल्ट ढिला करतुय."

"मुद्दाम?"

"लय न्हाय. अर्धाच आटा." पाना थांबला आणि खालूनच आवाज आला, "वरडू नका, तिला कळंल."

उभ्या आयुष्यात एकदाच नीट बसलेलं झाकण त्यांनी स्वतःच्या हाताने उसवलं आणि हात पुसत बाहेर आले. जीप सुरू केली, थोडी चालू ठेवली. पहिला थेंब पडला. तेवढ्यात मामी डाव्या हातात रांगोळीची वाटी घेऊन पायरीवर आल्या. वाकडेतिकडे ठिपके घालत जीपपर्यंत पोचल्या आणि थबकल्या.

"पडला बगा! मी म्हणलं न्हवतं? भंगारवाल्याला सांगावा धाडा!"

"धाडतो की," मामा म्हणाले, "दिवाळी हुंद्या."

मामींनी मामांच्या काळ्या हातांकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी तो काळा थेंब ठिपक्यांत धरला आणि डाव्या हाताने त्याच्याभोवतून रेघ ओढून घेतली.

दिवाळी होऊन गेली. जीप आहे तिथेच आहे आणि इमानेइतबारे गळते. मामी पुन्हा थेंब मोजतात, पुन्हा बोलतात. परवा बाजाराच्या दिवशी निमगावातून चाललो होतो, तर मामांची जीप दिसली. देवळाजवळ नव्हती, अगदी भज्यांच्या हॉटेलाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला डाग दिसेल अशी उभी होती.