श्वास सोडा

अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या सकाळच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करणारी मुलगी, मांडीवर घडी घातलेला पांढरा कोट. पाय सारखा हलत होता आणि ओठ पुटपुटत होते, "श्वास घ्या, रोखा, सोडा."

"पोरी, कावून घाबरून राहिली?" मी विचारलं.

"आज प्रॅक्टिकल हाये, काकू. मांगच्या वेळी एका आजोबाले श्वास रोखाले सांगतलं, अन् फोटो काढून झाल्यावर सोडा म्हनाचंच इसरली. ते बिचारे लालबुंद होऊन तसेच उभे!"

मी हसले. ती हसली नाही.

अमरावतीच्या अलीकडेच ती उतरली आणि तरातरा चालू लागली. छाती फुगलेली, खांदे पार कानाला भिडलेले. मला राहवेना. खिडकीतून ओरडले, "अवं, सोड आता!"

तिला ऐकू गेलं नसावं.