मागावर न चढलेले हंस

कुंभकोणमच्या आमच्या घरात एकाच लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडं नांदतात. विंडोजवर माझे वडील, अप्पा, तिरुभुवनमच्या विणकरांसाठी साडीचे पदर काढतात, लिनक्सवर मी प्रोग्राम लिहिते. एकाला झोपवल्याशिवाय दुसरं उघडत नाही. दुपारपर्यंत मशीन अप्पांचं, मग माझं.

अप्पा विंडोज कधी पुरतं बंद करत नसत. विणकर संध्याकाळी माग आहे तसा सोडून उठतो. त्याच सवयीने तेही अर्धं चित्र पडद्यावर ठेवून हायबरनेट करायचे, म्हणजे विंडोजला नुसतं झोपवायचे, आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू. ही सोय मीच मोठ्या ऐटीत दाखवली होती. मधूनमधून सेव्ह करा, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

गेल्या महिन्यात मला त्यांच्या बाजूच्या डिस्कवर एक फाइल लिहायची होती. लिनक्सने अडवलं: विंडोज झोपलेलं आहे, तिथे लिहिता येणार नाही. अप्पा देवळात गेले होते. ते येईपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण मला धीर कुठला! ती झोप, तिच्यात जपलेल्या उघड्या कामासकट, पुसून टाकणारी कमांड मला पाठ होती. दिली ठोकून. पडद्यावर त्यांचं काय उघडं असेल, हा विचारसुद्धा मनात आला नाही.

सकाळी विंडोज कोरंच उघडलं. पदरावरच्या हंसांची ओळ गेली होती. विणकर त्याच चित्रासाठी माग रिकामा ठेवून बसला होता.

"मीच कायतरी चुकीचें दाबलों," अप्पा आमच्या तंजावरी मराठीत पुटपुटले.

मी खरं सांगितलं. त्यांनी ओरडावं, असं फार वाटत होतं.

"असूंदे. तुझं काम झालं नव्हे?" एवढंच त्यांनी विचारलं.

हंस त्यांनी पुन्हा काढायला घेतले, पण विणकराला थांबणं परवडेना. त्याने दुसऱ्याच कुणाचा पदर मागावर चढवला.

आता अप्पा रोज दुपारी, चित्र कितीही रंगात आलेलं असो, सेव्ह करून विंडोज पुरतं बंद करतात आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवतात.

"अवघें बंद केलों. आतां तुला काय काढून टाकायचं तें टाक."

आवाजात टोमणा अजिबात नसतो. असता तर मी सोसला असता.