आर्डिसने ट्रेलर जोडला

एप्रिल लागला की अ‍ॅरिझोनातल्या आमच्या ट्रेलर-तळावरचे सगळे उत्तरेकडे पळायला लागतात. आर्डिस टोलेफसनही दरवर्षी जायची, नवऱ्याच्या शेजारी बसून. यंदा ऑर्विल नव्हता, नोव्हेंबरातच गेला. आणि तिचा मुलगा ड्वेन भाड्याची मोटार घेऊन तळावर थडकला, आल्या आल्या म्हणाला, "आई, गिऱ्हाईक मिळालंय. उद्या बाराला येतंय ट्रेलर न्यायला."

ट्रेलर म्हणजे तिचं चाकांवरचं घर. उन्हाळ्यात डकोटातलं तळं, थंडीत आमचं वाळवंट, चौदा वर्षं हेच. ड्वेनने तिच्यासाठी म्हाताऱ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली ठरवली होती. मला विचाराल तर त्याला दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. आर्डिस एवढंच म्हणाली, "घर माझ्या नावावर आहे आणि मी अजून मेले नाहीये."

"पण ते पिकअपला जोडणार कोण? बाबाच जोडायचे ना?"

"सकाळी नऊला ये आणि बघ. कुणी हात लावला तर याद राखा."

नऊला अर्धा तळ खुर्च्या टाकून बसला होता. खोटं कशाला बोलू, मीही होते. शेजारचा मर्ल तर लोखंडी पाइप घेऊनच आला. एवढ्या जड ट्रेलरचं नाक पिकअपच्या मागच्या गोळ्यावर टेकलं की पिकअपचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. म्हणून स्प्रिंगच्या दोन दांड्या साखळ्यांनी ताणून बसवायच्या, म्हणजे भार पुढच्या चाकांवरही जातो. आमचे पुरुष त्या दांड्या पाइपने ओढून, दातओठ खात, शिव्या देत चढवतात. ऑर्विलही तसंच करायचा आणि मग दोन दिवस कंबर धरून बसायचा.

"अगं आर्डिस, ताकदीचं काम आहे ते. सरक बाजूला," मर्ल म्हणाला.

"खुर्चीत बस, मर्ल. कॉफी पी."

नाक टेकवण्याआधी तिने पिकअपच्या पुढच्या चाकावरच्या कडेची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली होती: छत्तीस इंच. टेकवल्यावर पुढची बाजू उचलली गेली आणि ती अडतीस झाली. मग तिने ट्रेलरच्या नाकाखालच्या विजेच्या जॅकचं बटण दाबलं. जॅकने ट्रेलरचं नाक आणि त्याला अडकलेलं पिकअपचं बूड, दोन्ही वर उचललं. आता दांड्या ओढायची गरजच उरली नाही, साखळ्या तिने हाताने अलगद अडकवल्या. मर्लला पाइप कुठे ठेवावा ते कळेना.

जॅक उतरवून तिने पुन्हा मोजलं. सव्वासदतीस.

"चालतंय की तेवढं!" मर्ल म्हणाला.

"तुला चालत असेल."

पुन्हा जॅक वर, दोन्ही साखळ्यांची एकेक कडी आणखी, पुन्हा जॅक खाली. सव्वाछत्तीस, जवळपास पहिल्याइतकीच.

"अजून एक कडी घे. घट्ट तेवढं बरं."

"आणि मागची चाकं हलकी करून वळणावर घसरू होय रे? इतकी वर्षं पाइप ओढतोयस, एकदा तरी टेप लावलीस का?"

मर्लची बायको सगळ्यांत मोठ्याने हसली. माझा ऊर भरून आला, काय सांगू. आर्डिसने जॅकचा पाय जमिनीवरून पूर्ण वर ओढून घेतला, चाकांखालचे ठोकळे काढले आणि ती पिकअपमध्ये चढून बसली.

ड्वेन खिडकीशी आला. "जोडलंस, मान्य. पण मी त्या माणसाला शब्द दिलाय गं."

"तू दिलायस ना? मग तूच निस्तर."

"वाटेत एकटीला काही झालं तर?"

"होईल की काहीतरी. तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर काहीच होणार नाही, त्याची मला भीती वाटते." मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "जा, मागे जाऊन बघ, ब्रेकचे दिवे लागतात का."

पन्नाशीचा ड्वेन मुकाट्याने ट्रेलरच्या मागे गेला. "लागतात गं आई! दोन्ही लागतात!" तो ओरडला.

तेवढ्यात दोन्ही दिवे विझले. आर्डिसने ब्रेकवरचा पाय काढला होता.