वेल्ह्याच्या वाटेवर तापणारी गाडी

सकाळी पुण्यातून निघताना मी गाडीच्या बोनेटवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाले, "आज तापलीस तर खरंच विकून टाकीन!" समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांना वाटलं, मी त्यांनाच बोलतेय. ते घाईघाईने आत गेले.

धमकी खरी होती. पापड-मसाल्यांच्या धंद्यात एकेका व्यापाऱ्याशी भांडत कमावलेल्या पैशांतून मी ही गाडी घेतली. दिवाळीनंतर ती तापायला लागली. गॅरेजवाल्याने बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल." त्यावर वेल्ह्याला राहणारे माझे धाकटे दीर चारचौघांत म्हणाले, "वहिनी, बायकांच्या हाताखाली इंजिन टिकत नाही. माझा एक मित्र जशी आहे तशी घेईल. देऊन टाका." ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही. मी निघाले त्याच रविवारी तो मित्र वेल्ह्यात गाडी बघायला येणार होता. मी एवढंच ठरवलं होतं: वाटेत रोग सापडला आणि बरा होण्यासारखा निघाला तर गाडी माझी, नाहीतर त्याची.

हायवेला गाडी अशी पळाली की बोलायची सोय नाही. तापमानाचा काटा मधोमध. मी गाणं म्हणू लागले. कापूरहोळला चहाला थांबले, पण इंजिन आणि एसी मुद्दाम चालूच ठेवले. अर्धा चहा होतोय तोवर काटा वर सरकायला लागला. चोर रंगेहाथ सापडावा तसा मला आनंद झाला!

शेजारच्या दुकानातून एक मेकॅनिक हात पुसत आला.

"ताई, रेडिएटर गेला. नवा टाकू."

"बघितलास का?"

"बघायचं काय त्यात? आवाजावरून कळतं."

"मग फोनवरच ऐकवला असता की! एवढ्या लांब कशाला आले असते?"

टपरीवरची माणसं हसली. मेकॅनिकही हसला आणि परत गेला. मी मात्र विचारात पडले. पळताना गार, उभी राहिली की गरम. पळताना वारा आपोआप लागतो. उभ्या गाडीला तो पंख्याने ओढून घ्यावा लागतो. म्हणजे दुखणं वाऱ्याचं असणार. मघाचं गाणं मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

भोरला माझी जाऊ सुनंदा माहेरी आली होती. याच दिरांची बायको. तिला घेऊन वेल्ह्याला जायचं होतं. तिच्या आईने तांदळाच्या भाकरी आणि ठेचा वर्तमानपत्रात बांधून दिला. परत हायवेला येऊन आम्ही नसरापुरातून आत वळलो. मार्गासनी मागे पडली, डाव्या हाताला राजगड दिसू लागला. पण मला कुठला राजगड!

"ताई, काट्याकडं काय बघताय सारख्या? रस्त्याकडं बघा!" सुनंदा ओरडली.

विंझरच्या पुढे चढावर म्हशींचा कळप आडवा आला. त्यांच्या चालीने आमची चाल. काटा चढत चढत लाल रेघेशी टेकला. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. शेजारच्या वावरात एक आजी कांद्याला पाणी देत होत्या. आमची दशा बघून त्या कळशी घेऊन धावत आल्या.

"झाकान काड, वतते पानी!"

"नको आजी! आत्ता झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडेल. गार होऊ दे."

"मंग बसा हितं. भाकरी खावा. गाडी बी दमली, तुमी बी दमला."

बांधावर बसून आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला, आजींनी वर कांदा फोडून दिला. बोनेटला हात लावता येऊ लागला तसं मी झाकणावर फडकं धरून ते हळूच उघडलं. पाणी काठोकाठ. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. पाणी मिसळलं असतं तर ऑइल दुधाळ दिसलं असतं, ते स्वच्छ होतं. झाकण लावून इंजिन सुरू केलं, एसी लावला. पंखा गरगर फिरतोय. मागे पांढरा धूर नाही, म्हणजे इंजिन आतून शाबूत. मग भाकरीचं वर्तमानपत्र घेऊन मी समोरच्या जाळीवर टेकवलं. पंखा वारा ओढत असेल तर कागद चिकटायला हवा. हात सोडला. कागद खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

"सुनंदा, हिचं नाक चोंदलंय!" मी टाळी वाजवली.

इंजिन बंद करून मोबाईलचा उजेड पाडला. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गच्च काहीतरी बसलं होतं. आजींच्या पाण्याच्या मोटारीचा पाइप घेतला आणि इंजिनच्या बाजूने बेताने पाणी सोडलं. फटीतून जे बाहेर आलं ते बघून तिघी थक्क झालो. काड्या, भुसा आणि मूठमूठ नाचणीच्या कणसांची फोलपटं.

"अगं बया," आजी म्हणाल्या, "ही गाडी हाय का मळणीयंत्र?"

सुनंदाने जीभ चावली.

"ताई, दिवाळीत तुम्ही गाडी आमच्याकडं ठेवली होती ना... सगळेच डांबरी रस्त्यावर नाचणी पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी मळून निघते. तेव्हा गाड्याच येईनात. मग ह्यांनी तुमचीच घेतली. दिवसभर फिरवली, पुढं-मागं, पुढं-मागं. लई झकास मळली हो!"

मला राग यायला हवा होता. येत होताही. पण आजी हसायला लागल्या, मग सुनंदा, आणि मग मलाही बांधावर बसावं लागलं, इतकं हसू फुटलं. गाडी पुन्हा सुरू केली, कागद टेकवला. फट्‌ करून चिकटला!

वेल्ह्याच्या बाजारात दीर मित्राला घेऊन उभेच होते. "या वहिनी! उकळली की नाही वाटेत?"

मी ओंजळभर ओला भुसा त्यांच्या हातावर ठेवला. "ओळखा."

त्यांनी तो बघितला, मग बायकोकडे बघितलं. सुनंदा तोरण्याकडे बघत होती.

"आता रस्त्यावर सगळेच मळतात, वहिनी..."

"सगळ्यांच्या गाड्या विकायला काढल्या का मग? आणि इंजिन कुणाच्या हाताखाली बिघडलं म्हणालात? मोठ्याने सांगा, बाजार ऐकतोय!"

मी थांबले नाही. मनात साठलेलं सगळं तिथे बोलून घेतलं. मित्र मात्र बोनेटवर हात फिरवत म्हणाला, "ताई, आता जास्त देतो की."

"आता तर मुळीच नाही!"

दीर खाली मान घालून म्हणाले, "चुकलं, वहिनी. जेवून तरी जा." जेवले. दोनदा भात मागून घेतला.

परतताना एकटी होते. वेल्हे-भोर फिरून काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर मी एक काटा पाहिला. त्या काट्याच्या पायी दोन महिने मी स्वतःच्या गाडीकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत होते, याची मला जास्त चीड आली. बोनेट उघडून बघायचं कुणी अडवलं होतं?

कात्रजला वाहतूक ठप्प. पुढे ट्रक, मागे बस, सगळ्यांचे हॉर्न, एक रिक्षावाला आभाळाकडे बघून शिव्या देतोय. मी एसी पूर्ण जोरात लावला आणि काट्यावर नजर ठेवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काटा मधोमध. पुढचा ट्रक हलायची चिन्हं दिसू लागली, तशी मी मनात म्हटलं, थांब रे बाबा, एवढ्यात नको. त्या सगळ्या गर्दीत रस्ता मोकळा होऊ नये असं वाटणारी मी एकटीच होते.